करवत सरळ का जाते, वाकडी का जाते

मुंबईत रे रोडच्या लाकूडबाजारात किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर मार्केटमध्ये जुन्या इमारतींतून निघालेल्या सागवानी चौकटी आजही विकायला येतात. एखाद्या चौकटीचा कोपरा नीट पाहा. एका लाकडात आयताकृती भोक, म्हणजे साल. दुसऱ्याच्या टोकाला त्यात बसणारी जीभ, म्हणजे कुसू. फार तर एखादी लाकडी खुंटी, बाकी काही नाही. तरी कित्येक पावसाळे काढूनही सांधा घट्ट असतो. याचं सगळं श्रेय आपण सुताराच्या बसलेल्या हाताला देतो. हाताचा वाटा मोठा आहेच, पण माझ्या मते निम्मा अचूकपणा करवतीच्या पात्यात आणि दातांत आधीच भरलेला असतो. तो कुठून येतो हे कळलं, तर नवशिक्याचा कापही सुधारतो.

सुरुवात लाकडापासून करावी लागते. लाकूड म्हणजे सेल्युलोजच्या लांबट पेशी लिग्निनने एकमेकींना चिकटवून झालेला पदार्थ. सागाचा एक तंतू जेमतेम १ मिलिमीटर लांब, आणि जाडीला मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास. हे सगळे तंतू खोडाच्या दिशेने उभे असतात. त्यामुळे रेषांच्या दिशेने ओढलं तर लाकूड जितका ताण सोसतं, त्याच्या कितीतरी कमी ताणाला ते आडव्या दिशेने फाटतं. म्हणूनच उभं कापणं आणि आडवं कापणं ही दोन निराळी कामं आहेत आणि त्यांना निराळे दात लागतात.

उभ्या कापाच्या करवतीचा प्रत्येक दात ही एक छोटी पटाशी असते. दाताची पुढची बाजू जवळजवळ उभी आणि धार पात्याला काटकोनात. तो तंतूंच्या टोकांवर येऊन त्यांचे बारीक छिलके काढतो. हीच करवत आडवी चालवली तर तंतू तुटायच्या आधी उपटले जातात आणि कडा फुटते. आडव्या कापाचे दात कानशीने तिरपे घासलेले असतात. एक दात डाव्या बाजूने सुरीसारखा टोकदार, पुढचा उजव्या बाजूने. दोघे मिळून तंतूंवर दोन समांतर चिरा पाडतात आणि मधला भाग मोडून बाहेर येतो. कोणती करवत कुठे चालली हे भुशावरून ओळखता येतं. पांढऱ्या कागदावर भुसा घेऊन भिंगाखाली धरा. उभ्या कापाच्या भुशात लांबट, कुरळे धागे दिसतात, आडव्या कापाच्या भुशात आखूड कण. कुसवाचे गाल, म्हणजे जिभेच्या रुंद बाजू, उभे कापायचे असतात आणि खांदे, म्हणजे जिभेच्या मुळाशी असलेली पायरी, आडवे. एकाच करवतीने दोन्ही उरकलं की खांद्याची कड फाटते आणि फट तिथेच दिसते.

आता पात्याची जाडी. पातं जितकं पातळ तितकं लाकूड कमी खायचं, जोर कमी लागायचा, रेषा बारीक पडायची. मग सगळ्याच करवती पातळ का नसतात? स्टीलची पातळ फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा. ती बाजूला वाकते. तीच दोन्ही टोकांनी ओढली तर ताठ राहते. दाबाखाली सडपातळ वस्तू कधी वाकते याचं गणित लेओनहार्ड ऑयलर यांनी १७४४ मध्ये मांडलं. पट्टीची सहनशक्ती जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ०.५ मिलिमीटरचं पातं ०.३ चं केलं तर ती जवळजवळ एक पंचमांशावर येते. ढकलून कापणाऱ्या करवतीला हा धोका प्रत्येक हातामागे असतो. त्यावर दोन उपाय निघाले. युरोपातल्या कारागिरांनी पात्याच्या पाठीवर पितळेची किंवा पोलादाची जाड पट्टी चढवली. डव्हटेलची (कबुतराच्या शेपटीसारख्या पसरट सांध्याची) आणि कुसवाची करवत ती हीच. पट्टीच्या वजनाने काप आपोआप खाली उतरतो, पण पट्टी लाकडाला टेकली की खोली संपते. जपानी कारागिरांनी दिशाच उलटी केली: दात मुठीकडे वळवले आणि ओढताना कापायचं ठरवलं. ओढताना पातं ताणाखाली असतं, वाकायचा प्रश्नच कमी. म्हणून डोझुकी या जपानी करवतीचं पातं ०.३ मिलिमीटरच्या आसपास ठेवता येतं. तिलाही पाठीवर पट्टी असते. जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरणाऱ्याला ओढणं सोयीचंही पडतं.

तरीही चांगली, पातळ करवत वाकडी जाते. बहुतेक वेळा दोष दातांच्या फाकेचा असतो. दात आळीपाळीने किंचित डावीकडे-उजवीकडे वाकवलेले असतात, म्हणजे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं अडकत नाही. ०.५ च्या पात्याला दोन्ही बाजूंनी ०.१ मिलिमीटर फाक दिली, तर चीर ०.७ ची होते. फाक एका बाजूला जास्त झाली की करवत त्या बाजूला सरकत जाते, मनगट कितीही सांभाळा. मग त्या बाजूच्या दातांवरून बारीक धारेचा दगड एकदा हलकेच फिरवायचा आणि पुन्हा कापून पाहायचं. फाक गरजेपेक्षा जास्त असली, तर पात्याला चिरेतच भटकायला जागा मिळते. ओल्या लाकडाला मात्र जास्त फाक लागते, कारण त्याचे तंतू दबून पुन्हा उसळतात आणि पात्याला घासतात.

काप काटकोनात आहे की नाही हे पाहायची एक युक्ती मला फार आवडते. पातं चकचकीत असलं तर तो आरसाच असतो. लाकडाच्या कडेवर करवत ठेवली की कडेचं प्रतिबिंब पात्यात दिसतं. पातं अचूक काटकोनात असेल तर खरी कड आणि प्रतिबिंब एका सरळ रेषेत येतात. एक अंशाची चूक झाली की प्रतिबिंब दोन अंशांनी मोडलेलं दिसतं, म्हणजे परावर्तनाचा नियम आपली चूक दुप्पट करून दाखवतो. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, नंतर लावाच, पण पहिला हात मारायच्या आधी ही तपासणी फुकटात होते.

मुंबईत आणखी एक हिशेब करावा लागतो, तो हवेचा. हिवाळ्याच्या शेवटी इथली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असते, जुलैत ८० च्या वर. त्याबरोबर लाकडातली ओल साधारण ११ टक्क्यांवरून १७ कडे जाते. पॉलिश न केलेली, कडेशी समांतर रेषांची १० सेंटिमीटर रुंद सागवानी फळी तेवढ्याने रुंदीत सुमारे ०.६ मिलिमीटर फुगते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. गोदामातून आणलेलं लाकूड घरात काही आठवडे राहू द्यावं आणि मगच सांधा आखावा, असं जे सांगतात ते याचसाठी. आखणी पेन्सिलऐवजी धारदार सुरीने करावी. सुरी वरचे तंतू आधीच तोडते, आणि करवत त्या रेषेच्या टाकाऊ बाजूला ठेवली की कड स्वच्छ निघते.

सागात सिलिकाचे कण असतात, त्यामुळे दात लवकर बोथट होतात. जुन्या सागात मोडलेले खिळेही लपलेले असतात, आधी चुंबक फिरवून घ्या. साध्या करवतीचं पोलाद कानशीला दाद देईल इतपतच कडक ठेवलेलं असतं, तिकोनी कानशीने ती वर्षानुवर्षं धारेत राहते. दातांची टोकं काळपट-निळी असतील तर ती विजेने झटकन तापवून कडक केलेली समजा. ते दात खूप टिकतात, पण त्यांच्यावर कानस चालत नाही. प्लायमधला डिंक धार खातो, म्हणून प्लायसाठी मी तीच सुचवेन. सांध्यांसाठी मात्र घासता येणारी घ्यावी.

नागदेवी स्ट्रीटला करवत घ्यायला गेलात तर ती दुकानाबाहेर उजेडात न्या, मूठ डोळ्याशी धरून दातांच्या ओळीवरून शेवटपर्यंत नजर टाका. डाव्या-उजव्या दातांच्या दोन समांतर रांगा आणि मधे पन्हळ दिसायला हवी. पातं कुठे लाटेसारखं वळलं असेल तर ती परत द्या, दुसरी मागा. घरी आणल्यावर पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. मुंबईच्या खाऱ्या हवेत उघडं पोलाद पावसाळ्यात पाहता पाहता गंजतं, आणि गंजलेल्या पात्याला चिरेत घर्षण वाढतं.