गोवराचे पुनरागमन आणि लसीकरण (मराठवाडा)

गोवर हा विषाणूजन्य, हवेतून पसरणारा आणि अत्यंत संसर्गजन्य रोग आहे. संरक्षण नसलेली दहा मुले रुग्णाच्या निकट सहवासात आली, तर साधारण नऊ जणांना लागण होते. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकतो. म्हणून साथ रोखायची तर वस्तीतल्या ९५ टक्के मुलांना लसीच्या दोन्ही मात्रा मिळालेल्या असाव्या लागतात. मराठवाड्यात हे प्रमाण घसरण्यामागे लसीविषयीची भीती हे एक कारण आहेच. पण ऊसतोडीच्या हंगामाचे वेळापत्रक हे त्याहून कमी बोलले जाणारे कारण आहे.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस १९८५पासून आहे. दुसरी मात्रा २०१०पासून सुरू झाली आणि २०१७पासून टप्प्याटप्प्याने गोवर-रुबेला (एमआर) ही संयुक्त लस आली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील मुलांसाठी एमआरची मोठी मोहीम झाली. कोविडच्या काळात लसीकरणाची नियमित सत्रे विस्कळीत झाली आणि २०२२च्या अखेरीस मुंबईतील गोवंडीत, तसेच भिवंडी व मालेगाव येथे साथ उसळली. तेव्हाच्या औरंगाबाद शहरातही रुग्ण आढळले.

साथ अशी अचानक आल्यासारखी का वाटते, ते साध्या हिशेबातून कळते. एखाद्या गावात वर्षाला १०० मुले जन्मतात आणि त्यांपैकी ८५ जणांना पहिली मात्रा मिळते असे धरू. नवव्या महिन्यात दिलेली मात्रा सुमारे ८५ टक्के मुलांतच काम करते, म्हणजे संरक्षण मिळाले ७२ जणांना. उरली २८. दुसरी मात्रा दिलीच नाही तर तीन वर्षांत अशी ८४ मुले साठतात. कागदावर लसीकरण ‘८५ टक्के’ दिसत राहते आणि एक रुग्ण गावात आला की एका महिन्यात घरोघरी मुले आजारी पडतात. दुसरी मात्रा ही जादाची खबरदारी नव्हे. पहिली मात्रा ज्यांना लागू पडली नाही त्यांच्यासाठी ती असते.

हंगाम आणि हुकलेल्या मात्रा

पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, बाराव्या महिन्याच्या आत द्यायची असते; दुसरी १६ ते २४ महिन्यांत. बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतूनही दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला (गाळप संपले) की, मार्च-एप्रिलमध्ये, परततात. आता जन्ममहिना धरून पाहा. फेब्रुवारी ते जूनमध्ये जन्मलेले बाळ नऊ महिन्यांचे होते ते नोव्हेंबर ते मार्चमध्ये, म्हणजे नेमके उसाच्या फडावर असताना. जुलै ते नोव्हेंबरमध्ये जन्मलेले बाळ १६ महिन्यांचे होते तेही पुढच्या हंगामात. दोन्ही तारखा गावात सापडतात त्या जवळपास फक्त डिसेंबर-जानेवारीच्या बाळांना. गावच्या यादीत नाव असते पण मूल नसते. कारखान्याच्या तळावर मूल असते पण यादीत नाव नसते. त्यातच गोवराचा जोर हिवाळ्याच्या शेवटी ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला असतो आणि तेव्हा ही कुटुंबे एकमेकांना खेटून बांधलेल्या कोप्यांत (झोपड्यांत) राहत असतात.

यावर उपाय कागदाचा आहे. निघण्याआधी आशाताईंनी टोळीनिहाय यादी करून त्यात पुढच्या पाच महिन्यांत कोणाची कोणती मात्रा येते ते लिहावे, आणि माता-बाल संरक्षण कार्ड आईने सोबत न्यावे. सरकारी सत्रात लस कुठल्याही जिल्ह्यात, कुठल्याही राज्यात मोफत मिळते. कार्ड हरवले आणि नोंद सापडत नसेल, तर मात्रा मिळालेली नाही असे धरून ती द्यावी. एखादी जास्त झाली तरी अपाय नाही.

मात्रा आणि चुका

लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. ती तिच्यासोबतच आलेल्या द्रावकातच मिसळायची, दुसऱ्या कुठल्या पाण्यात नाही. द्रावक आदल्या दिवशीपासून लसीच्याच तापमानाला, २ ते ८ अंश सेल्सिअसला, ठेवलेले असावे. कोमट द्रावकाने लस मरते. मिसळल्यावर कुपीवर वेळ लिहावी आणि चार तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, उरलेली टाकून द्यावी. उघडी कुपी दुसऱ्या दिवशी वापरणे ही सर्वांत घातक चूक आहे, कारण तीत जंतू वाढून बाळ दगावू शकते. मात्रा ०.५ मिलि, उजव्या दंडावर, कातडीखाली.

याच्या उलट्या टोकाची चूक जास्त वेळा घडते. कुपीत अनेक मात्रा असतात, त्यामुळे एकाच बाळासाठी ती न उघडता ‘पुढच्या बुधवारी या’ असे सांगितले जाते आणि तोवर टोळी निघालेली असते. एका बाळासाठीही कुपी फोडावी. किरकोळ सर्दी, हलका ताप, जुलाब किंवा कुपोषण हेही लस पुढे ढकलण्याचे कारण नाही. कुपोषित मुलाला तर ती आधी हवी. लसीनंतर सात ते बारा दिवसांनी काहींना ताप व बारीक पुरळ येते. तो दोन-तीन दिवसांत ओसरतो, पण ‘लसीनेच गोवर निघाला’ म्हणत आई दुसऱ्या मात्रेला येत नाही. हे सत्राच्या दिवशीच सांगून ठेवावे.

गोवर निघाल्यावर

आधी तीन-चार दिवस जोराचा ताप, खोकला, वाहते नाक, लाल डोळे; मग कानामागून व चेहऱ्यावरून सुरू होऊन पायांकडे उतरणारे लालसर पुरळ. कांजिण्यांसारखे पाणी त्यात भरत नाही. पुरळ येण्याआधी चार दिवस आणि नंतर चार दिवस मूल रोग पसरवते.

‘माता आली’ म्हणून उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवतात, घरात फोडणी बंद करतात, मुलाला वेगळे निजवतात. वेगळे निजवणे चांगलेच. खाणे तोडणे आणि दवाखाना टाळणे मात्र महागात पडते, कारण मूल दगावते ते बहुधा नंतरच्या न्यूमोनियाने किंवा जुलाबाने. दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त झाला, तर थांबू नये. अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठ दोन दिवस देतात: सहा महिन्यांखाली ५० हजार, सहा ते अकरा महिन्यांत एक लाख आणि वर्षापुढे दोन लाख एकक. त्याने डोळे जाण्याचा आणि मृत्यूचा धोका कमी होतो.

घरातल्या इतर मुलांना संपर्कानंतर ७२ तासांत लस दिली तर रोग टळू शकतो. हंगामाहून परतलेल्या, एकही मात्रा न मिळालेल्या मुलाला पाच वर्षांपर्यंत दोन्ही मात्रा देता येतात. चौदा महिन्यांचे मूल एप्रिलमध्ये गावी आले, तर पहिली त्याच आठवड्यात आणि दुसरी सोळावा महिना भरल्यावर, म्हणजे जूनमध्ये, टोळी पुन्हा निघण्याच्या पुष्कळ आधी.