दमा आणि घराण्यातील धूम्रपान

दमा आणि घराण्यातील धूम्रपान : आईवडिलांनी किंवा आजी-आजोबांनी ओढलेल्या विडी-सिगारेटचा त्यांच्या मुला-नातवंडांना दमा होण्याच्या शक्यतेशी असलेला संबंध. यात दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि बोलताना त्यांची नेहमी सरमिसळ होते. मूल ज्या घरात वाढते त्या घरातला धूर ही एक. मूल जन्माला येण्याच्या आधीचा, कधी कधी त्याचे वडील वयात येण्याच्याही आधीचा धूर ही दुसरी. पहिलीबद्दल आता वाद उरलेला नाही. 2012 साली 79 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात गर्भावस्थेत किंवा जन्मानंतर तंबाखूच्या धुराशी संबंध आलेल्या मुलांना दमा जडण्याची शक्यता 21 ते 85 टक्क्यांनी जास्त दिसली. सर्वांत ठळक वाढ होती ती आईने गरोदरपणी धूम्रपान केलेल्या दोन वर्षांच्या आतल्या मुलांत. दुसरी गोष्ट नवी आहे. नागपूरसारख्या शहराच्या दृष्टीने तीच जास्त विचार करण्याजोगी आहे.

कारणमीमांसा : निकोटीन वारेतून (प्लॅसेंटातून) गर्भापर्यंत पोहोचते. गर्भाच्या श्वासनलिका त्याच काळात घडत असतात. त्या अरुंद राहिल्या तर जन्मानंतर साध्या सर्दीनेही छातीत घरघर सुरू होते. हे झाले एका पिढीचे. नातवंडाचा प्रश्न येतो तेव्हा एक साधी शारीरिक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी लागते. मुलीच्या अंडपेशी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. विसाव्या आठवड्याच्या सुमारास त्यांची संख्या साठ-सत्तर लाखांच्या घरात असते. म्हणजे गरोदर बाई विडी ओढते तेव्हा तो धूर एकाच वेळी तीन पिढ्यांना लागतो : तिला, पोटातल्या मुलीला आणि त्या मुलीच्या पोटी पुढे येणाऱ्या नातवंडाला. म्हणून काटेकोर अर्थाने याला ‘वारसा’ म्हणता येत नाही. आईकडून तसे म्हणायला चौथ्या पिढीपर्यंत जावे लागते.

मुलग्यांचे गणित वेगळे. शुक्रपेशी वयात आल्यावर तयार होऊ लागतात, पण त्यांच्या मूळ पेशींची जुळवाजुळव त्याआधीच्या वर्षांत चालू असते. त्या वर्षांत धूर लागला तर डीएनएची अक्षरे बदलत नाहीत. त्या अक्षरांवरच्या रासायनिक खुणा मात्र बदलू शकतात. या प्रक्रियेला मिथिलीकरण म्हणतात. कोणते जनुक जागे राहायचे आणि कोणते झोपायचे हे अशा खुणांवरून ठरते. 2023 साली 875 व्यक्तींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वडिलांनी वयाच्या 15 वर्षांआधी सुरू केलेल्या धूम्रपानाशी निगडित अशा 19 खुणा त्यात मुलांच्या डीएनएवर सापडल्या. जनुकांचा भागही आहेच : 17 व्या गुणसूत्रावरील एका पट्ट्याचा बालवयातील दम्याशी संबंध आहे आणि लहानपणी धुरात वाढलेल्यांत तो अधिक घट्ट होतो. ‘आमच्या घराण्यातच दमा आहे’ आणि ‘आमच्या घरात विडी होती’ ही दोन वाक्ये म्हणूनच एकमेकांना खोडत नाहीत.

अभ्यास : या विषयाला तोंड फोडले ते 2005 साली दक्षिण कॅलिफोर्नियातील अभ्यासाने. आईची आई गरोदरपणी धूम्रपान करत असेल, तर नातवंडाला लहानपणी दमा असण्याची शक्यता सुमारे दुप्पट आढळली. आई आणि आजी दोघींनी केले असेल तर अडीच पटींहून थोडी अधिक. आकडे मोठे होते, पण पाहणी लहान होती : दमा असलेली 338 मुले आणि तुलनेसाठी 570. पुढे नॉर्वेत 50 हजारांहून अधिक मुले पाहिली गेली, तेव्हा वाढ 15 ते 21 टक्क्यांवर आली. आईने स्वतः धूम्रपान केले वा न केले तरी ती दिसत होती. स्वीडनमधील 66 हजारांवर नातवंडांच्या नोंदींतूनही संबंध दिसला, मात्र तोही माफकच. इंग्लंडमधील एव्हन भागातल्या अभ्यासात तर आईच्या आईचा संबंध स्पष्ट दिसलाच नाही. दुप्पट-अडीचपटीचे आकडे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत जातात; विश्वास ठेवावा तो नॉर्वेच्या आकड्यांवर.

वडिलांकडची बाजू मात्र या पहिल्या चित्रात नव्हतीच. 2017 साली उत्तर युरोपातील 24 हजारांवर अपत्यांच्या माहितीतून ती पुढे आली. वडिलांनी वयाच्या 15 वर्षांआधी धूम्रपान सुरू केले असेल, तर मुलांत ॲलर्जीविना होणाऱ्या, लवकर सुरू होणाऱ्या दम्याची शक्यता तिपटीहून जास्त होती. मूल होण्याच्या पाच वर्षे आधी सवय सोडलेल्या वडिलांच्या मुलांतही ती अडीच पटींच्या वर राहिली. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर 1968 पासून चालू असलेल्या पाहणीतून 2022 साली त्याहून चकित करणारी बाब निघाली.  वडिलांच्या लहानपणी, 15 वर्षांच्या आत, घरात त्यांचे आईवडील ओढत असतील, तर त्यांच्या मुलांना ॲलर्जीविना दमा होण्याची शक्यता 59 टक्क्यांनी जास्त होती. पुढे हे वडील स्वतःही ओढू लागले असतील तर 72 टक्क्यांनी.

नागपूरच्या संदर्भात : युरोपातले बहुतेक प्रश्न ‘आजी ओढत होती का’ या धाटणीचे आहेत. नागपुरात हा प्रश्न विचारला तर उत्तर जवळजवळ नेहमी ‘छे, आजी कशाला!’ असेच येईल, आणि ते बहुधा खरेही असेल. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या 6 टक्के पुरुषांनी धूम्रपान करत असल्याचे सांगितले, बायकांत हे प्रमाण 1.4 टक्के होते. पण आजोबांची विडी घरातच पेटत असे : बाजेवर पडल्या पडल्या, जेवण झाल्यावर, पहाटे चहाबरोबर. आजी ओढत नव्हती. ती ओढणाऱ्याशेजारी बसत होती, वर चुलीचा किंवा कोळशाच्या सिगडीचा धूर खात होती. त्याच खोलीत बाबा लहानाचे मोठे झाले. टास्मानियाचा निष्कर्ष इथे जितका लागू पडतो तितका कॅलिफोर्नियाचा पडत नाही.

विडी विदर्भाला परकी कधीच नव्हती. तेंदूपत्ता गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या जंगलांतून येतो. विड्या वळण्याचे काम घरोघरी, मुख्यतः बायकांच्या हातून झाले. सुपात तंबाखू आणि मांडीशी लेकरू, असे ते काम. वळणाऱ्या बाईच्या नाकातोंडात तंबाखूची भुकटी जाते, हाताच्या कातडीतूनही निकोटीन थोडे आत शिरते. विडीचा आकार पाहून ती सिगारेटपेक्षा सौम्य असावी असे वाटते. वस्तुतः तेंदूच्या पानातून हवा कमी खेळते, ती विझू नये म्हणून वरचेवर झुरके घ्यावे लागतात आणि धुरात निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड जास्त निघते.

निदानाच्या वेळी आणखी एक अडचण येते. ‘दमा’ हा शब्द नागपुरातल्या घरांत सहसा उच्चारला जात नाही, विशेषतः मुलीच्या बाबतीत. ‘सर्दीची तक्रार आहे’, ‘थंडीत धाप लागते’, ‘ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस’ असे म्हटले जाते. पंप असला तरी तो पाहुण्यांपुढे काढत नाहीत. त्यामुळे मागच्या पिढीतला दमाही नोंदवहीत येत नाही आणि विडीही येत नाही. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये असोत की गल्लीतला दवाखाना, ‘घरात कोणी ओढते का’ हा प्रश्न वर्तमानकाळात विचारला जातो. वरील अभ्यासांतून निघणारा प्रश्न भूतकाळातला आहे : मुलाचे वडील शाळेत जात असताना त्यांच्या घरात कोण ओढत होते, आणि त्यांनी स्वतः पहिली विडी कितव्या वर्षी ओढली? उत्तर द्यायला अनेकदा आजीच लागते. उपचार या उत्तराने बदलत नाहीत, पंप तोच राहतो. ॲलर्जीच्या चाचण्या कोऱ्या निघालेल्या मुलाच्या आईला ‘मी काय चुकले’ असे वाटते, तेव्हा मात्र या माहितीचा उपयोग होतो.

खर्रा : आजच्या नागपुरात विडीपेक्षा खर्रा मोठा आहे. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून तयार होणाऱ्या या पदार्थाला धूर नाही. 2016-17 च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू खाणारे 24.4 टक्के, तर धूम्रपान करणारे अवघे 3.8 टक्के होते. तेव्हा विषय इथेच संपला असे वाटू शकते. पण कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत उंदरांच्या गाभण माद्यांना धूर न देता नुसते निकोटीन टोचले गेले, तेव्हा त्यांच्या पिल्लांत आणि पिल्लांच्या पिल्लांतही दम्यासारखे फुप्फुसविकार दिसले. पुढच्या, म्हणजे पिल्लांच्या तिसऱ्या पिढीतही ते आढळले, जिला निकोटीनचा स्पर्शच झाला नव्हता. उंदरांवरून माणसांचा हिशेब थेट मांडता येत नाही. तरी गरोदर सुनेने खर्रा न सोडण्यासाठी ‘धूर नाही’ ही सबब पुरी पडत नाही, कारण वार ओलांडायला निकोटीनला धूर लागत नाही.