मांसाहार : उपयुक्ततावादी विचार

मांस खावे की नाही, याचा विचार आपल्याकडे बहुधा धर्म, जात, सोवळे-ओवळे किंवा अहिंसाव्रत यांच्या अंगाने होतो. उपयुक्ततावाद या नीतिविचारात तो सुखदुःखाच्या हिशेबाने होतो. ज्यांना ज्यांना एखाद्या कृतीची झळ किंवा लाभ पोचतो, त्या सर्वांचे मिळून दुःख कमीत कमी आणि सुख जास्तीत जास्त करणारी कृती योग्य. या ‘सर्वां’त जनावरे धरायची का, हा कळीचा प्रश्न.

इंग्लंडमधील उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम (१७४८–१८३२) याने त्याचे उत्तर १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील एका तळटीपेत दिले : प्राण्यांना बुद्धी आहे का, वाचा आहे का, हे गौण, त्यांना यातना होतात का, एवढेच पाहायचे. मात्र त्याच तळटीपेत त्याने मांसाहाराला मुभाही दिली. जनावराला उद्याच्या मरणाची धास्ती नसते आणि माणसाच्या हातचे मरण रानातल्या मरणापेक्षा लवकर उरकते, असे त्याचे म्हणणे.

ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ या पुस्तकातून हा वाद मरणावरून जगण्यावर आणला. अंड्यांसाठी कोंबड्या ठेवण्याचा साधा पिंजरा २०१२ पासून युरोपीय महासंघात बंद आहे. त्याआधी तिथल्या नियमाने त्यात एका कोंबडीला किमान ५५० चौ. सेंमी. जागा मिळे. छपाईचा ए-फोर कागद याहून मोठा, ६२४ चौ. सेंमी.चा असतो. एवढ्या जागेत पंख पसरता येत नाहीत, धुळीत लोळता येत नाही, अंडे घालायला आडोसा मिळत नाही. तिचे हे सारे आयुष्य एका पारड्यात आणि आपल्या जिभेची चव दुसऱ्यात, अशी ही तुलना आहे. पोषण दुसरीकडून मिळत असेल, तर या तुलनेचा कौल उघड आहे.

या हिशेबात शाकाहारी-मांसाहारी ही आपली नेहमीची रेघ टिकत नाही, आणि मराठी वाचकाने थांबून पाहावे असे इथेच आहे. अंड्यांच्या जातीतले नर पिल्लू अंडी देत नाही आणि मांसासाठीही परवडत नाही, म्हणून ते बहुतेक ठिकाणी जन्मल्या दिवशीच मारले जाते (जर्मनीत २०२२ पासून याला बंदी आहे). दुधासाठी वासरू आईपासून तोडले, तर तेही दुःखाच्याच खात्यात जमा होते. उलट मोकळ्यावर चरलेल्या बकरीच्या मटणाला हा विचार सरसकट पाप म्हणत नाही.

इंग्रज लेखक लेस्ली स्टीफन याने १८९६ मध्ये मांसाहाराच्या बाजूने वेगळाच मुद्दा काढला : कोणी डुक्कर खाल्लेच नाही, तर डुकरे जन्मालाच येणार नाहीत. प्राण्यांच्या हक्कांचा इंग्रज पुरस्कर्ता हेन्री सॉल्ट याने त्यावर उत्तर दिले, की जो जन्मलाच नाही त्याचे काही हिरावले जात नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ टॉम रेगन यांनी (१९८३) हा हिशेबच नाकारला. प्राणी म्हणजे सुख साठवायचे भांडे नव्हे. त्याला स्वतःचे मोल आणि म्हणून हक्क आहेत, ही त्यांची भूमिका. सुखाने जगवून, न दुखवता मारलेल्या जनावरावर नेमका काय अन्याय झाला, हे रेगन थेट सांगू शकतात. सिंगर यांच्या हिशेबात मात्र अशा मरणात दुःखच नसल्याने त्यांना त्यासाठी बरेच सायास पडतात.