भिजलेला मोबाईल तांदळात ठेवायचा का? खुलासा

"मोबाईल भिजून बंद पडला की रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवा, चालू होतो" हे वर्षानुवर्षं फॉरवर्ड व्हायलंय. पटण्यासारखंच आहे, मिठाच्या डबीत आपण तांदूळ टाकतोच की.

पण मोबाईलच्या आतलं पाणी तांदूळ ओढून घेत नाही, ते वाफ होऊनच बाहेर पडतं आणि त्याला खेळती हवा लागते, बंद डब्यात ती कुठून मिळणार? घरीच बघा, बाटलीच्या दोन बुचांत सारखे ओले कापसाचे बोळे ठेवा, एक तांदळाच्या डब्यात झाकून अन् दुसरं फॅनखाली, चार तासानं हात लावा. आणि तांदळाचा भुगा चार्जिंगच्या खाचेत जातो तो वेगळाच.

खरा घात करतात ते क्षार. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, पाणी सुकलं तरी क्षार फोनच्या आतल्या सर्किट बोर्डावर राहतात अन् गंज धरतो, म्हणून कधी चालू झालेला फोन महिन्याभरानं परत बंद पडतो.

म्हणून फोन पाण्यात पडला की लगेच बंद करा, चार्जिंगला अजिबात लावू नका, सिमचा ट्रे काढा, खाच खाली करून फॅनसमोर ठेवा, अन् जमेल तितक्या लवकर दुकानात उघडून बोर्ड साफ करून घ्या.