मवाळ, चवदार आणि खिशाला परवडणारी बर्बन कशी निवडावी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की, घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांची मागणी बहुधा एकाच वाक्यात मावते: "घशाला लागायला नको, पाणचट नको आणि फार महागही नको." ही मागणी रास्त आहे आणि ती पुरी होऊ शकते. अडचण एवढीच आहे की ती पुरी करताना बहुतेक जण बाटलीची घडण, किंमत आणि वयाचा मोठा आकडा यांवर भिस्त ठेवतात, आणि मवाळपणाविषयी या तिन्हींवरून फारसे कळत नाही. त्याऐवजी धान्य, मद्यार्काचे प्रमाण आणि लेबलवरचे दोन-तीन कायदेशीर शब्द पाहिले, तर मधल्या फळीवरची, कधी कधी अगदी खालच्या फळीवरचीही बाटली डोळसपणे घेता येते. ते शब्द कसे वाचावेत, हे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे. मद्यपानासाठी कायद्याने ठरलेले वय पूर्ण केलेल्यांसाठीच ते आहे, हे वेगळे सांगायला नको.

बर्बन कशाला म्हणतात

अमेरिकेच्या काँग्रेसने 1964 साली ठराव करून बर्बनला त्या देशाचे खास उत्पादन म्हणून मान्यता दिली. ती केंटकी राज्यातच बनावी असे बंधन नाही, जरी बहुतेक नामांकित भट्ट्या तिथेच असल्या तरी. धान्यमिश्रणात निदान 51 टक्के मका हवा, ऊर्ध्वपातनानंतर मद्यार्क 80 टक्क्यांच्या वर जाता कामा नये, पिंपात भरताना तो 62.5 टक्क्यांहून अधिक नसावा, आणि ते पिंप नव्या ओक लाकडाचे व आतून जाळून कोळसवलेले असावे. बाटलीत मद्यार्क किमान 40 टक्के असतो. पाण्याखेरीज दुसरे काहीही, म्हणजे रंग, अर्क किंवा साखर, मिसळण्याची परवानगी नाही.

यातील शेवटची अट कमी खर्चात खरेदी करणाऱ्याच्या फार कामाची आहे. स्वस्तातल्या स्वस्त बर्बनचा तांबूस रंगही पिंपातूनच आलेला असतो, कोणी वरून ओतलेला नसतो. मात्र लेबलवर नुसते 'बर्बन' लिहिले आहे की 'बर्बन लिकर', 'हनी', 'फ्लेवर्ड' किंवा 'ब्लेंडेड' असा एखादा शब्द त्याला चिकटलेला आहे, हे अवश्य पाहावे. 'ब्लेंडेड बर्बन'मध्ये निम्म्याच्या जवळपास भाग साध्या तटस्थ, म्हणजे जवळजवळ बिनचवीच्या, स्पिरिटचा असू शकतो, आणि मध घातलेली बाटली गोड लागली तर त्याचे श्रेय मधाला आहे, पिंपाला नव्हे.

जळजळ दोन प्रकारची असते

'स्मूद' हा शब्द सर्रास वापरला जातो, पण त्यामागे काय घडते ते समजून घेतले तर निवड सोपी होते. मिरचीतले कॅप्सेसिन आपल्या तोंडातल्या ज्या संवेदकाला चेतवते, त्याच संवेदकावर मद्यार्कही काम करतो. हा संवेदक एरवी सुमारे 42 अंश सेल्सिअसला 'भाजले' अशी वर्दी मेंदूला देतो; मद्यार्काच्या संगतीत ही मर्यादा 34 अंशांच्या आसपास खाली येते, म्हणजे शरीराची नेहमीची ऊबच तोंडाला चटका वाटू लागते. ही पहिली जळजळ. ती प्रत्येक कडक मद्यात असते, ती दोष नव्हे, आणि पाण्याने ती कमी होते.

दुसरी जळजळ कच्चेपणाची असते. घाईने गाळलेले किंवा पिंपात पुरेसे न राहिलेले मद्य नाकाला नेलपॉलिश-रिमूव्हरसारखे झोंबते, जिभेवर ओल्या, न वाळलेल्या लाकडासारखे तुरट लागते आणि पाणी घातले तरी त्याचा हा गुण जात नाही, उलट पातळ होऊन अधिकच उघडा पडतो. पहिली जळजळ आपण पेल्यात आवरू शकतो. दुसरी मात्र बाटलीतच असते, म्हणून ती टाळायची तर खरेदीच्या वेळीच टाळावी लागते. या पत्रकातील बाकीचा सारा मजकूर या एका भेदावर उभा आहे.

धान्य काय सांगते

मका गोडसर भरीवपणा देतो आणि माल्ट केलेली बार्ली किण्वनाला मदत करते. चवीची दिशा ठरते ती मक्याखालोखाल असलेल्या दुसऱ्या धान्यावरून. ते धान्य राय (गव्हासारखे एक धान्य, मोहरीची राई नव्हे) असेल, आणि बहुतेक बर्बनमध्ये ते असतेच, तर मिरी, दालचिनी आणि पुदिन्याकडे झुकणारा तिखटसर उठाव येतो. रायऐवजी गहू असेल तर तो तिखटपणा नसल्यामुळे पिंपातून आलेला व्हॅनिला आणि कॅरमलचा गंध पुढे येतो, आणि पिणाऱ्याला बर्बन मवाळ व गोड भासते. 'भासते' हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे, कारण धान्यातील साखर ऊर्ध्वपातनात मागेच राहते आणि हा गोडवा मुख्यतः नाकाने जाणवणारा असतो.

गव्हाच्या बर्बनमध्ये मेकर्स मार्क सर्वपरिचित आहे: 70 टक्के मका, 16 टक्के गहू, 14 टक्के माल्ट बार्ली, मद्यार्क 45 टक्के, आणि बाटलीच्या मानेवर लाल मेण. लार्सेनी हीसुद्धा गव्हाचीच, 46 टक्क्यांची. वेलर हे नावही याच गटातले आहे, पण संग्राहकांच्या ओढाताणीमुळे तिच्यावर अनेकदा मूळ किमतीहून बराच चढा भाव लावला जातो. मर्यादित खर्चात चांगली बर्बन हवी असलेल्याने त्या शर्यतीत उतरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राय अधिक असलेल्या बाजूला ओल्ड ग्रँड-डॅड आहे, तर फोर रोझेस दोन धान्यमिश्रणे आणि पाच प्रकारचे यीस्ट यांच्या जोडणीतून 10 वेगवेगळ्या पाककृतींची बर्बन बनवते, त्यांतील एका मिश्रणात राय चक्क 35 टक्के असते. पहिल्यांदाच बर्बन घेणाऱ्याने गव्हापासून सुरुवात करावी, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा नाही; पण ज्यांना मसालेदार चव मुळात आवडते त्यांना गव्हाची बर्बन दुसऱ्या पेगपर्यंत कंटाळवाणी वाटू लागते, हेही आम्ही वारंवार पाहिले आहे.

वयाचा आकडा आणि स्कॉचची सवय

बारा वर्षांच्या स्कॉचची सवय असलेला ग्राहक सहा वर्षांची बर्बन पाहून नाक मुरडतो. ही तुलनाच चुकीची आहे. स्कॉच थंड हवेत आणि बहुधा वापरलेल्या पिंपात मुरते, आणि त्यातील कितीतरी पिंपे आधी बर्बननेच वापरलेली असतात. बर्बनचे पिंप दर वेळी नवे कोरे असते आणि केंटकीचा उन्हाळा कडक असतो. उष्णतेने मद्य जळालेल्या लाकडात खोल शिरते आणि गारठ्यात बाहेर येते. लाकडातील लिग्निनपासून व्हॅनिलाचा गंध येतो, हेमिसेल्युलोज तापून कॅरमलसारखा गोडवा देतो, ओकमधील लॅक्टोन खोबऱ्याची आठवण करून देतात, आणि कोळशाचा थर नव्या मद्यातील गंधकयुक्त वास शोषून घेतो. हे सारे स्कॉचच्या मानाने लवकर घडते. त्यानंतर मात्र लाकडाचा तुरटपणा चढत जातो, आणि गोदामाच्या तापलेल्या वरच्या मजल्यावर फार वर्षे राहिलेली बर्बन कोरडी व कडवट होऊ शकते. चार ते आठ वर्षे हा आमच्या मते मवाळपणा आणि किंमत या दोन्ही दृष्टींनी सर्वांत फायद्याचा टप्पा आहे.

लेबलवर 'स्ट्रेट' हा शब्द असेल तर मद्य किमान 2 वर्षे मुरलेले असते, आणि ते 4 वर्षांहून कमी असेल तर वय छापणे बंधनकारक असते. म्हणजेच 'स्ट्रेट बर्बन' लिहिलेल्या बाटलीवर वय कुठेच दिसले नाही, तर ती किमान 4 वर्षांची आहे असे धरता येते. वय छापलेले असल्यास ते बाटलीतील सर्वांत कोवळ्या मद्याचे असते.

सर्वांत उपयोगी लेबल

मर्यादित खर्चात एकच शब्दप्रयोग लक्षात ठेवायचा असेल, तर तो 'बॉटल्ड इन बाँड' हा ठेवावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत स्पिरिटमध्ये रंग आणि अर्क मिसळून ते जुनी व्हिस्की म्हणून विकण्याचे प्रकार बोकाळले होते. त्यावर उपाय म्हणून 1897 साली, म्हणजे तिथला शुद्ध अन्न व औषध कायदा येण्याच्या 9 वर्षे आधी, 'बॉटल्ड इन बाँड'चा कायदा झाला. हे शब्द असलेल्या बाटलीतील सारे मद्य एकाच भट्टीत, एकाच उत्पादकाने, सहामाहीच्या एकाच हंगामात बनवलेले असते. ते सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान 4 वर्षे मुरते आणि नेमक्या 50 टक्के मद्यार्कावर बाटलीबंद होते. हे शब्द जाहिरातीचे नाहीत, त्यांना कायद्याचा आधार आहे, आणि तरीही अशा बाटल्या अनेकदा देखण्या वेष्टनातल्या बाटल्यांपेक्षा स्वस्त मिळतात. इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलची बाटली आणि ओल्ड ग्रँड-डॅडची बाँडेड बाटली ही याची दोन चांगली उदाहरणे आहेत.

याउलट 'स्मॉल बॅच' या शब्दांना कायद्यात व्याख्या नाही. ती तुकडी वीस पिंपांची असू शकते आणि दोनशेचीही. 'सावर मॅश' म्हणजे आधीच्या किण्वनातील उरलेला आंबट द्रव नव्या घाण्यात मिसळण्याची पद्धत. ती बहुतेक सर्वच मोठ्या भट्ट्या वापरतात, त्यामुळे ते छापल्याने बाटली इतरांहून वरचढ ठरत नाही. मागील लेबलवर 'डिस्टिल्ड बाय' आहे की नुसते 'बॉटल्ड बाय', हे पाहावे. दुसऱ्याकडून मद्य घेऊन बाटलीत भरणे गैर नाही आणि त्यात उत्तम मालही असतो, पण मग समोरच्या लेबलवरील पिढीजात भट्टीच्या कहाणीसाठी जादा पैसे का मोजावेत, हा प्रश्न ग्राहकाने स्वतःला विचारावा.

हा प्रश्न आम्ही स्वतः एकदा विचारला नव्हता. जाड काचेची, लाकडी बुचाची, पणजोबांची गोष्ट सांगणारी एक 'क्राफ्ट' बर्बन आम्ही मोठ्या हौसेने मागवली आणि एका जुन्या ग्राहकाला शिफारस करून दिली. दुसऱ्याच दिवशी ते अर्धा पेग संपलेली बाटली घेऊन परत आले आणि म्हणाले, "अहो, पेन्सिल चावल्यासारखं लागतंय." भिंग लावून मागचे लेबल वाचले, तेव्हा कडेला बारीक अक्षरांत वय 2 वर्षे असल्याचे दिसले. आम्ही बाटली परत घेतली. तेव्हापासून कोणतीही नवी बर्बन मांडण्याआधी तिचे मागचे लेबल आम्ही प्रथम वाचतो.

50 टक्के म्हणजे अधिक कडक नव्हे

मवाळ हवी म्हणून 40 टक्क्यांची बाटली घेणे हा तर्क वरवर बरोबर वाटतो. प्रत्यक्षात 40 टक्क्यांच्या बाटलीत पाणी उत्पादकाने आधीच घातलेले असते, आणि ते काढून घेता येत नाही. 50 टक्क्यांच्या बाटलीत ते घालण्याचे काम आपल्याकडे राहते. 30 मिलिलिटर पेगमध्ये साडेसात मिलिलिटर, म्हणजे दीड चहाचा चमचा पाणी घातले की मद्यार्क सुमारे 40 टक्क्यांवर येतो. याच हिशेबाने 50 टक्क्यांची 750 मिलिलिटरची बाटली 40 टक्क्यांच्या जवळजवळ 940 मिलिलिटरएवढी भरते. किमतीची तुलना करताना हा हिशेब जरूर करावा. वाइल्ड टर्की 101 ही 50.5 टक्क्यांची बर्बन नावानेच अनेकांना घाबरवते, पण दोन चमचे पाण्याने तिची चव जितकी खुलते, तितकी कित्येक 40 टक्क्यांच्या बाटल्यांत मुळातच नसते. अमेरिकन लेबलवरील 'प्रूफ' हा आकडा टक्क्यांच्या दुप्पट असतो, एवढे ध्यानात ठेवले की 101 चा धाक उरत नाही. पाण्याने पेग मोठा दिसला तरी त्यातील मद्यार्क तेवढाच राहतो, म्हणून मोजताना पाणी घालण्यापूर्वीचे माप धरावे.

पाणी घालायचेच नसेल, तर 43 ते 45 टक्क्यांचा पट्टा सोयीचा पडतो. इव्हान विल्यम्सची काळ्या लेबलची बाटली 43 टक्क्यांची आहे आणि तिच्या किमतीच्या मानाने ती फार प्रामाणिक आहे. बफेलो ट्रेस 45 टक्क्यांची आहे आणि योग्य भावात मिळाली तर मवाळपणा व चव यांचा समतोल तिच्यात छान साधलेला आढळतो. कोका-कोला किंवा सोडा भरपूर घालून पिणाऱ्यांनी मात्र याहून महाग बाटली घेऊ नये.

चाखण्याची रीत

नवी बाटली उघडल्यावर साधारण 15 मिलिलिटर बर्बन लहान तोंडाच्या पेल्यात ओतून पाच-दहा मिनिटे तशीच ठेवावी. वास घेताना पेला हनुवटीच्या जवळ आणून ओठ किंचित उघडे ठेवावेत, नाहीतर मद्यार्काचा झोत थेट नाकात जातो आणि पुढचे काहीच कळत नाही. पहिला घोट तोंडाला सवय होण्यापुरता असतो. मत बनवायचे ते दुसऱ्या घोटावर. त्यानंतर थेंब-थेंब पाणी घालून पुन्हा चाखावे. झोंबणे कमी झाले आणि व्हॅनिला, भाजलेला दाणा किंवा सुक्या फळांचा वास वर आला, तर बाटली चांगली आहे. पाणी घातल्यावर फक्त ओले लाकूड उरले, तर दोष बाटलीचा आहे, आपल्या जिभेचा नाही. बर्फाने जळजळ दबते तशीच चवही दबते, त्यामुळे पारख करताना बर्फ टाळावा. नंतर तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे.

बाटली उभी ठेवावी, कारण आडवी ठेवल्यास मद्य बुचाला लागून बूच झिजते. उन्हापासून ती दूर असावी. बाटलीत बर्बन मुरत नाही, त्यामुळे न उघडता वर्षानुवर्षे जपून ठेवल्याने ती अधिक मवाळ होणार नाही. एक तृतीयांशाहून कमी उरली की आतल्या हवेने चव हळूहळू फिकी पडते. तेव्हा ती काही महिन्यांत संपवावी किंवा स्वच्छ, कोरड्या, लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बूच लावून ठेवावी.