कौलांखालचं घुबड

गोव्याच्या सत्तरी, डिचोली, पेडणे भागात बरीच वर्षं बंद असलेलं कौलारू घर उघडलं की माळ्यावर कधी कधी दोन खुणा दिसतात. तुळईवरून खाली ओघळलेले चुन्यासारखे पांढरे पट्टे, आणि त्यांच्या बरोबर खाली बोटाच्या दोन पेरांएवढ्या गुठळ्यांचा ढीग. गुठळी ताजी असेल तर काळी, ओलसर आणि चकचकीत. जुनी झाली की राखाडी होते आणि चिमटीत भुगा होते. कोमट पाण्यात भिजवून काडीने सोडवली तर आत उंदरांच्या दोन-तीन कवट्या सापडतात, पटाशीचे पिवळे दात, बरगड्या आणि केसांचा लगदा. लोक याला घाण समजून झाडून टाकतात, पण ही विष्ठा नव्हे. हाडं आणि केस पचत नाहीत, म्हणून पक्षी ते दिवसाला एक-दोनदा तोंडावाटे बाहेर टाकतो. त्या माळ्यावर गव्हाणी घुबड राहतं.

गव्हाण म्हणजे गोठ्यात गुरांपुढे वैरण टाकायची जागा. घुबड गव्हाणीत घरटं करत नाही, तिच्या वरच्या माळ्यावर करतं. पण वैरणीत सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे ते. गावात मात्र कुणी गव्हाणी म्हणत नाही. मराठीत सगळी घुबडंच आणि कोंकणीत घुघूम. त्यामुळे तीन-चार वेगळ्या पक्ष्यांचे आवाज एकाच्या नावावर खपतात. संध्याकाळी आंब्याच्या ढोलीतून किचकिचाट करतो तो पिंगळा. रात्री रानातून खोल घुमणारा आवाज मोठ्या रानघुबडांचा. गव्हाणी घुबड घुमत नाही. ते उडताना फाटक्या आवाजात किंचाळतं, आणि त्याची पिल्लं सापाने फूत्कार टाकावा तसा आवाज रात्रभर करतात. माळ्यावर नाग आहे म्हणून सर्पमित्राला बोलावलं आणि वर पांढरट पिल्लं निघाली, हे म्हणूनच घडतं.

या पक्ष्याला जागा कशी मिळाली, ते गोव्याच्या घरबांधणीत आहे. जुनं छप्पर नळ्यांचं, म्हणजे अर्धगोल गावठी कौलांचं. चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतीचा माथा आणि वासे यांच्या मध्ये हातभर पोकळी राहायची, ती कुणी बुजवत नसे, कारण धूर तिथूनच जायचा. १८६५ मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती चपटी, एकमेकांत बसणारी कौलं किनारपट्टीभर पसरली. छप्पर घट्ट झालं, तरी त्रिकोणी भिंतीतला झरोका उघडाच राहिला. घुबडाला तेवढं पुरतं. १५ सेंटिमीटरचं भोक आणि आत अंधारी सपाट जागा असली की झालं, कारण ते काड्या गोळा करून घरटं बांधतच नाही. आपल्याच जुन्या गुठळ्यांच्या भुग्यावर अंडी घालतं.

घराखाली खाणंही होतं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या घरात कुळांकडून खंड म्हणून, म्हणजे जमिनीच्या भाड्यापोटी आलेल्या भाताचं कोठार असायचं, कुळाच्या घरात धान्याची कणगी, खळ्याशेजारी गवताची उडवी, आणि शेतात राखणीचा मांगर, म्हणजे खोपटं. सरद (पावसाळी) आणि वायंगण (पावसाळ्यानंतरचं) अशी दोन पिकं निघणाऱ्या गावात भात वर्षभर कुठे ना कुठे उघडं असायचं. १९६४ चा कूळ कायदा आला, पुढच्या दुरुस्तीने कसणाऱ्याकडे मालकी गेली, आणि भाटकारांची कोठारं रिकामी होत गेली. मोठी घरं मात्र उभी राहिली. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या वारसा नियमांत मुलगा-मुलगी सगळ्यांचा वाटा असतो. हा नियम न्याय्यच आहे, पण वारसांपैकी कुणी मुंबईत, कुणी लिस्बनला असेल तर घर विकलंही जात नाही आणि दुरुस्तही होत नाही. कुलूप लागतं. कुलूपबंद घर आणि शेजारी चालू शेत, घुबडाला याहून सोयीची जागा नाही. खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतीच्या गावांत तर त्याचं काम दुप्पट मोलाचं, कारण तिथले उंदीर भात खातातच, शिवाय बांधाला बिळं पाडतात. भरतीचं खारं पाणी बिळातून शिरलं तर आख्खं शेत नासतं.

एवढं असूनही घुबड म्हणजे अपशकुन ही समजूत घट्ट आहे, आणि ती फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (सूक्त १६५) घुबड जे बोलतं ते फोल ठरो, अशी प्रार्थना आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वात वडावर झोपलेले कावळे रात्री घुबडाने मारलेले पाहूनच अश्वत्थाम्याला रात्रीच्या कत्तलीची कल्पना सुचते. पंचतंत्राचं तिसरं तंत्र कावळे आणि घुबडांच्या वैराचं. दुसऱ्या बाजूला तेच घुबड लक्ष्मीचं वाहन मानलं जातं, पण त्या मानाचा त्याला उपयोग होत नाही. दिवाळीच्या सुमाराला देशात तंत्रमंत्रासाठी घुबडांची चोरटी विक्री होते ती त्याच नात्यामुळे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घुबड पकडणं, मारणं, विकणं हा गुन्हा आहे.

मराठी मुलखात आणखी एक समजूत सांगतात. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून नदीवर नेतं आणि घासत बसतं. दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजत जातो. ही समजूत खरी नाही, पण तिने घुबडाचं जेवढं रक्षण केलं तेवढं कोणत्याच फलकाने केलं नसेल. भीतीपोटी लोक लांब राहिले, दगड हातातच राहिला. आज घुबडं कमी होतात त्याचं खापर अंधश्रद्धेवर फोडणं सोपं आहे, पण मुख्य कारणं दुसरी आहेत: स्लॅबची घरं, चुकीच्या वेळी केलेली दुरुस्ती आणि उंदरांचं विष.

दुरुस्तीचं आधी. गोव्यात शाकारणी, म्हणजे छपराची डागडुजी, पावसाच्या तोंडावर, एप्रिल-मेमध्ये होते. घुबडाचा विणीचा हंगाम असा बांधलेला नसतो. उंदीर मुबलक असतील तर वर्षातल्या कोणत्याही महिन्यात अंडी सापडू शकतात. म्हणून कौलं काढण्याआधी दोन संध्याकाळी माळ्याखाली उभं राहून फूत्कार ऐकावा. मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने चार ते सात अंडी घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. महिनाभराने पहिलं पिल्लू निघतं, शेवटचं त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी. त्यामुळे एकाच घरट्यात मुठीएवढं पिल्लू आणि पिसं फुटलेलं पिल्लू शेजारी दिसतात. उंदीर कमी पडले तर धाकटी मरतात. ही रोगराई नव्हे. आठ-नऊ आठवड्यांत पिल्लं उडतात. पहिल्या अंड्यापासून सगळं घर मोकळं व्हायला साधारण साडेतीन महिने लागतात. तेवढं थांबता येत नसेल तर दुसऱ्या बाजूची कौलं आधी परतावीत आणि घरट्यावरचा भाग तसाच सोडावा.

अंड्यांवरची मादी भरदिवसा उठवली तर ती परत न येण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. उजेडात बाहेर पडली की कावळे तिच्यामागे लागतात. खाली पडलेलं पिल्लू पुन्हा वर ठेवावं. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकत नाहीत, पण जमिनीवरच्या पिल्लाला ते सहसा भरवत नाहीत, म्हणून ते वर जाणं गरजेचं. दूध-भात देऊ नये. जखम असेल तर खोक्यात अंधार करून वन खात्याला कळवावं. वासाची तक्रार खरी आहे. घरट्याखाली गोणपाट पसरावा, आठवड्याला बदलावा, आणि जुना ढीग पाणी शिंपडून, तोंडाला फडकं बांधूनच काढावा. उघड्या भातावर मात्र घरटं राहू देऊ नये. कणगी तरी हलवावी किंवा वर फळी ठोकावी.

विषाचं प्रकरण याहून वाईट, कारण ते दिसत नाही. ब्रोमाडिओलोनसारख्या विषाने रक्त गोठणं थांबतं. उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि नेमका तोच घुबडाला आधी सापडतो. विष घुबडाच्या यकृतात साठत जातं. गिधाडांच्या बाबतीत हेच वेगळ्या औषधाने झालं. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांतून त्यांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली, आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी येईपर्यंत पांढऱ्या पाठीचं गिधाड देशातून ९० टक्क्यांहून जास्त घटलं होतं.

स्लॅबच्या घरांच्या गावात घुबडासाठी पेटी लावता येते. मलेशियात तेलमाडाच्या (पाम तेलाच्या झाडांच्या) मळ्यांत हे काम अनेक दशकं चाललं आहे, इस्रायलमध्ये १९८३ पासून, आणि लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला नारळ खाणाऱ्या उंदरांसाठी केरळातून घुबडं नेली गेली. पेटीचा तळ ६० बाय ४० सेंटिमीटर, भोक १३ ते १५ सेंटिमीटरचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भोकाच्या खालच्या कडेपासून तळ ४५ सेंटिमीटर खोल हवा. उथळ पेटीतून पिल्लं उडण्याआधीच बाहेर येतात आणि पडतात. पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या उन्हात पेटी ठेवली तर एप्रिलमध्ये पिल्लं भाजून निघतात. खांबावर लावायची तर खांबाला पत्र्याची गुळगुळीत पट्टी गुंडाळावी, नाहीतर धामण, घोरपड आणि उदमांजर वर पोचतात. पहिल्या वर्षी पेटीत मधमाश्या शिरल्या तर नवल नाही. शेतात माणसाच्या उंचीचे टी आकाराचे थांबे लावले तर घुबड तिथून शिकार करतं, पण लावणीनंतरचे काही आठवडे आणि कापणीनंतरच. भात दाट झालं की त्याला खालचा उंदीर ऐकू येतो, पण हाती लागत नाही. दाणा भरायला लागला की थांबे काढून ठेवावेत, नाहीतर त्यांच्यावर दाणे टिपणारी पाखरं बसतात. आणि आजूबाजूची शेतं ब्रोमाडिओलोन थांबवत नाहीत तोवर पेटी लावूच नये. तशा शेतात पेटी लावणं म्हणजे घुबडाला विषाच्या ताटावर बोलावणं.