गृहस्वयंचलनातील उपकरण-जोडणी

घरातील दिवे, पंखे, गीझर, पाण्याची मोटर आणि सेन्सर एकाच सॉफ्टवेअरच्या ताब्यात आणण्यासाठी प्रत्येक उपकरणाशी त्याच्याच पद्धतीने बोलणारा दुवा बसवावा लागतो. त्याला उपकरण-जोडणी किंवा इंटिग्रेशन म्हणतात. या क्षेत्रातले होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअर पॉलस स्काउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केले. २०२४ पासून ते ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे. पुढील विवेचन मुख्यतः त्याला धरून, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातील घरे डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

जोडणी दोन जातींची. क्लाउड जोडणीत हुकूम आधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरला जातो आणि तिथून घरातल्याच दिव्याकडे परत येतो. स्थानिक जोडणीत तो घरच्या राउटरवरूनच वळतो. खानापूरच्या रानपट्ट्यात आषाढ-श्रावणात झाड तारेवर पडले की करंट जातो, पाठोपाठ नेटही. करंट आला तरी नेट त्याच्याबरोबर येईलच असे नाही. क्लाउडवर विसंबलेले घर तेवढा काळ मोबाइलला जुमानत नाही, स्थानिक जोडणीचे घर चालत राहते. म्हणून या भागात उपकरण घेताना ते नेटशिवाय चालते का, हे किमतीच्याही आधी विचारावे. टास्मोटा किंवा ईएसपीहोम (उपकरणाच्या आतच बसणारी मुक्त सॉफ्टवेअरे) चालणारे रिले (हुकुमाने करंट चालू-बंद करणारे स्विच), झिगबी (कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत) उपकरणे आणि मॅटर (वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांचे सामाईक मानक, पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२) ही स्थानिक वाट आहे.

बरीचशी उपकरणे सॉफ्टवेअर आपणहून हुडकते. त्यासाठी वापरली जाणारी एमडीएनएसची हाक (‘इथे कोण कोण आहे?’ असे सर्वांना विचारणारा संदेश, पोर्ट ५३५३) एका जाळ्याची म्हणजे नेटवर्कची हद्द सहसा ओलांडत नाही. फायबरच्या डब्यामागे घरचा दुसरा राउटर लावलेला असेल, तर उपकरण एका जाळ्यात आणि सॉफ्टवेअर दुसऱ्यात असे होते. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वेगळे जाळे न करता फक्त वाय-फाय पुरवण्यासाठी, चालवला की बहुधा प्रश्न सुटतो. स्वस्त वाय-फाय रिले फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असला की काही रिलेंची पहिली जोडणी अडते. तेवढ्यापुरते ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवणे सोपे.

दोष शोधताना पडद्यावरचा शब्द नीट वाचावा. ‘अनुपलब्ध’ म्हणजे उपकरणापर्यंत पोहोचताच येत नाही. ‘अज्ञात’ म्हणजे सहसा जोडणी आहे, पण मूल्य अजून आलेले नाही. पहिल्यात करंट, वाय-फाय आणि आयपी पत्ता (घरच्या जाळ्यातला उपकरणाचा क्रमांक) तपासायचा. दुसऱ्यात थोडे थांबायचे किंवा सेन्सर बघायचा. एवढ्याने उलगडा झाला नाही तर त्या जोडणीच्या पानावरून डीबग नोंदी (कामकाजाच्या सविस्तर नोंदी) चालू कराव्यात, बिघाड पुन्हा घडू द्यावा आणि मग फाइल उतरवून घ्यावी.

सीमाभागातील पुष्कळ तक्रारी करंट गेल्या-आल्यावर सुरू होतात. रास्पबेरी पाय (सॉफ्टवेअर चालवणारा छोटा संगणक), राउटर आणि फायबरचा डबा एकाच वेळी चालू होतात, पण तयार वेगवेगळ्या वेळी होतात. सॉफ्टवेअर आधी जागे झाले तर त्याला उपकरणे सापडत नाहीत. असे झाल्यास बहुतेक जोडण्या थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतात, म्हणून लगेच काढून नव्याने बसवू नयेत. नाहीतर त्यांवर बांधलेले स्वयंचलित आदेश तुटू शकतात. याहून फसवा दोष पत्त्याचा. काल हॉलच्या पंख्याकडे असलेला १९२.१६८.१.२३ हा पत्ता राउटर आज टीव्हीला देतो, आणि सॉफ्टवेअर पंखा समजून टीव्हीचे दार ठोठावत बसते. राउटरमध्ये उपकरणाच्या मॅक पत्त्याला (त्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाला) आयपी राखून ठेवणे हा पक्का इलाज. एसडी कार्डही अशा धक्क्यांनी खराब होते. राउटर आणि रास्पबेरी पाय दोन्ही यूपीएसवर घ्यावेत, बॅकअप दुसऱ्या यंत्रावर ठेवावा.

झिगबीचा प्रश्न हवेतला असतो. तो आणि वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात. राउटर चॅनल १ वर असेल तर झिगबी २५ वर न्यावे. यूएसबी ३ हार्डडिस्कशेजारी लावलेला डोंगल (संगणकाला लावायचा झिगबीचा रेडिओ) हमखास अडखळतो. लांब यूएसबी केबलवर दूर नेला की सुधारतो. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरात मधल्या खोलीत कायम चालू असलेला झिगबी प्लग ठेवावा. तो संदेश पुढे पोहोचवतो.

मोटरीबाबत ढिलाई नको. दहा अँपिअरचा छोटा रिले मोटर थेट ओढण्यासाठी नसतो. त्याने कॉन्टॅक्टर (मोठा करंट पेलणारा स्विच) किंवा स्टार्टरची कॉइल चालवावी आणि हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. थ्री फेज मोटरीचा सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेल्यास मोटर थांबवणारे साधन) कधीही बाजूला काढू नये. करंट परत आल्यावर रिले बंदच राहील अशी मांडणी रिलेतच करावी.

टाकी ९० टक्के भरली की मोटर बंद, हा आदेश वरवर पुरेसा वाटतो. पण ८० टक्क्यांवर असताना सेन्सर अनुपलब्ध झाला, तर ९० हा आकडा येतच नाही, आदेश सुटत नाही आणि पाणी गच्चीवरून वाहते. म्हणून सेन्सर अनुपलब्ध होताच मोटर थांबवणारा वेगळा आदेश हवा, आणि त्याखेरीज कमाल वेळेची मर्यादा रिलेच्या आतच घालावी; मग सॉफ्टवेअर, वाय-फाय दोन्ही बंद पडले तरी मोटर ठरल्या वेळी थांबते.